पावसात न गेलेलं नाव

हे प्रकरण वगळून मी पुढचं सगळं लिहून काढलं. नोकरीचं लिहिलं, लग्नाचं लिहिलं, गुडघ्याच्या ऑपरेशनचंसुद्धा लिहिलं. लेक ते टाइप करून देते. परवा ती म्हणाली, "बाबा, धुळ्याचं घर इतक्या लवकर का संपवलंत? आजोबा भिंती रंगवायचे, एवढंच एक वाक्य?" मी म्हणालो, फारसं आठवत नाही. खोटं बोललो. त्या घरातला वाससुद्धा आठवतो. आठवतं म्हणूनच टाळत आलो, मित्रांना सांगताना टाळलं, बायकोला सांगताना टाळलं, आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांच्यासमोर बसून टाळलं. आता आमच्या समोरच्या घरातली शकूअक्का ऐंशीच्या पुढे गेली आहे, तिला अजून चष्म्यानं वाचता येतं, आणि मी लिहिलेलं पुस्तक तिच्या हातात पडणारच आहे. तेव्हा हे पान मागे ठेवून चालणार नाही.

आमच्या घराला सरसाचा वास होता. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला डिंक. बाजारातून त्याच्या तपकिरी पातळ काचेसारख्या वड्या यायच्या. आबा, म्हणजे माझे वडील, त्या रात्रभर भिजत घालायचे आणि सकाळी एका भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, असं करून मंद आचेवर वितळवायचे. थेट आचेवर ठेवला तर सरस जळतो आणि मग चिकटत नाही. माय नाकाला पदर लावून म्हणायची, "तुमना सरस नि मनी भाकर एकाच चुल्हावर, देव तरी कसा येई या घरमा!" त्यावर आबा हसायचे आणि तिलाच फुंकणी मागायचे. भाकरी कळण्याची असायची, ज्वारी-उडदाची, काळपट, खरपूस. तिच्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार. आजही कुठं सुताराच्या दुकानात सरस शिजत असला तर मला आधी भूक लागते. बायकोला ते कधी पटलं नाही.

आबा लग्नघरांच्या भिंती रंगवायचे. पांझरा नदीच्या अलीकडच्या आमच्या गल्ल्यांमध्ये लग्न ठरलं की दारालगतच्या भिंतीवर पांढरा पट्टा करून घ्यायचा, वर गणपती, बाजूला केळीचे खांब, कलश, आणि मधोमध वधूवरांची नावं. हे काम आबांचं. गेरूचा लाल, पेवडीचा पिवळा, कपड्याची नीळ, खडूची पांढरी भुकटी, हे सगळे रंग ते पाट्यावर वाटायचे, त्यात कोमट सरस घालायचे. अक्षर मात्र कुणाला शिकवून न येणारं. 'शुभविवाह'मधला श ते एका श्वासात काढायचे आणि मग श्वास सोडायचे. ओट्यावर बसलेल्या बायांनासुद्धा तोपर्यंत श्वास धरून बसल्यासारखं व्हायचं. सरस पाण्यात विरघळतो. त्यामुळे एखाद-दुसऱ्या पावसाळ्यात ती नावं पुसट होत, ओघळत, आणि जात. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. उलट आमच्या गल्लीत म्हणत, नाव धुतलं गेलं म्हणजे पोर सासरी रुळली. कुणाच्या भिंतीवरचं नाव गेलं की बाया त्या पोरीच्या आईला म्हणायच्या, "चला, नांदनी तुमनी आंडेर." आंडेर म्हणजे लेक. आबांचं स्वतःचं मत जरा वेगळं होतं. ते म्हणायचे, "रंग तितलाच टिकाले पाहिजे, जितले दिन गोष्ट नवी ऱ्हास." त्यांना त्यात काही मोठं तत्त्वज्ञान सांगायचं नव्हतं. नाव गेलं की ती भिंत पुढच्या लग्नाला मोकळी होते, इतकाच त्यांचा हिशेब.

मी कॉलेज अर्धवट सोडून जळगावच्या एका लहान रंगाच्या कारखान्यात लागलो. शेतात पत्र्याची शेड, दोन मोठ्या ढवळण्या, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या चपलेला लागणारी पांढरी पूड. शनिवारी संध्याकाळी एसटीत बसायचं, एरंडोल, पारोळा करत धुळे गाठायचं, सोमवारी पहाटे परत. कारखान्यात तेव्हा तेलाच्या रंगांबरोबर पाण्यावरच्या रंगाचे प्रयोग चालू होते. आमचे केमिस्ट साहेब नाशिककडचे. मला शिकवण्याची त्यांना हौस. पिंपातून आलेलं ॲक्रिलिकचं दुधासारखं पांढरं पाणी त्यांनी एकदा काचेवर ओतलं आणि म्हणाले, "हे काय आहे सांग." मी म्हणालो, दूध. "दुधासारखंच. दुधात जशा स्निग्धाच्या कणिका तरंगतात, तसे यात प्लॅस्टिकचे गोळे तरंगताहेत, डोळ्यांना न दिसणारे. पाणी उडून जाऊ दे, मग बघ." जेवणाच्या सुट्टीनंतर काचेवर पांढरं काहीच नव्हतं. एक पारदर्शक कातडी होती. साहेबांनी नखानं टोक उचललं, ती रबरासारखी ताणली गेली. त्यांनी ती पाण्याच्या ग्लासात टाकली आणि म्हणाले, "आता उद्यापर्यंत राहू दे." दुसऱ्या दिवशी ती जराशी पांढुरकी झाली होती, पण होती. वाळवल्यावर पुन्हा स्वच्छ. जे पाण्यातून आलं ते पाण्यात परत जाईना, याचं मला विलक्षण नवल वाटलं.

ते मला कळलं ते मात्र मायच्या बिबड्यांवरून, म्हणजे ज्वारीच्या पापडांवरून. माय उन्हाळ्यात ज्वारीचा चीक शिजवून ओल्या धोतरावर पातळ बिबड्या थापायची. ऊन चांगलं असलं की चीक एकजीव होऊन बिबडी अख्खी सुटायची. आभाळ आलं, गारवा असला की तीच बिबडी चिरा पडून भुगा व्हायची. या रंगाचंही तसंच. पाणी उडताना ते गोळे एकमेकांना खेटतात, आणि पुरेशी ऊब असली तर दाबले जाऊन एकमेकांत मिसळतात. थंडीत ते मिसळत नाहीत, नुसती पूड उरते. कारखान्यात पौषातल्या सकाळी लावलेले नमुने बोटानं पुसले जायचे. वैशाखात लावलेले मात्र भिंतीशी लग्न लागल्यासारखे बसायचे. पुढची सगळी नोकरी मी याच एका गोष्टीवर केली. आज गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा लेप असतो, केळीच्या खोक्यांच्या कागदावर ओल न शिरू देणारा थर असतो, कापडावर, चामड्यावर, लाकडावर असतो. वास नाही, पेट घेण्याची भीती नाही, ब्रश पाण्यानं धुता येतो. लोक विचारतात, पाण्यातला रंग पावसात टिकतो कसा? मी बिबडी सांगतो. भिंत सांगत नाही.

तो रंग आबांना दाखवायचा ध्यासच घेतला मी. एका शनिवारी डबाभर ॲक्रिलिक घेऊन आलो. साहेबांनीच दिलं, घरी करून बघ म्हणाले. आबांनी बोट बुडवलं, हुंगलं, बोटावरचा थर वाळल्यावर सोलून काढला आणि म्हणाले, "हाई ते कातडं शे. भितडाले कातडं कसाले पाहिजे?"

"आबा, हे दहा पावसाळे जाणार नाही."

"मंग दहा वरीस कोनी लगीन करू नही का त्या घरमा?" ते म्हणाले आणि मायनं तोंडाला पदर लावला. मला ते फार झोंबलं. कारखान्यात साहेब माझी पाठ थोपटायचे आणि इथं मी आणलेलं कातडं ठरलं. डबा मी खाटेखाली सारून ठेवला.

समोरच्या घरात शकूअक्का राहायची. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. माझं पहिलं पाऊल तिच्या ओट्यावर पडलं असं माय सांगायची. तिचे वडील ती लहान असताना गेले. आई, जिला सगळे जिजी म्हणत, सरकीच्या गिरणीत जायची, म्हणून अक्काचं निम्मं जेवण आमच्याकडे. तिची जीभ फार तिखट. मी नवीन पँट घालून एसटीतून उतरलो की ती ओट्यावरूनच ओरडायची, "उना रे, जळगावना साहेब उना! जिजी, खुर्ची आन!" त्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा, भास्कर, मूळचा आमच्याच भागातला, सुरतेला कापडाच्या कारखान्यात. आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा मुहूर्त. जिजीनं लग्नासाठी समोरच्या भिंतीला नवा सिमेंटचा गिलावा करून घेतला. आबांनी सांगितलं, शकूच्या भिंतीचं काम मी करणार, आणि त्या भिंतीवर असं अक्षर काढीन की सुरतचे लोक बघत राहतील.

एका रविवारी दुपारी अक्का ओट्यावर कैऱ्या चिरत होती. मी मीठ लावून फोडी खात होतो आणि आबा कसे ऐकत नाहीत याची तक्रार करत होतो. ॲक्रिलिकचं सगळं पुराण मी तिला सांगितलं. ती ऐकते आहे असं वाटलं नव्हतं. मग विळीवरून मान वर न करता तिनं विचारलं, "खरंच जास नही?"

"नाही जात."

"मंग मन्हं नाव त्याच रंगमा लिख."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "मी गई का या घरवर मन्हं काय ऱ्हाई रे? दारवर बापनं नाव, रेशनवर जिजीनं. मन्हं नाव फक्त लगीनना दिन लिखतस, नि ते बी एक पानी पडनं का जास. ऱ्हाऊ दे ना जरा. मी आखाजीले यीसु तवय माले दखाईन." मग पुन्हा कैरी चिरायला लागली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पन आबासले सांगू नको. त्या म्हनतीन, कातडं शे."

एवढं सांगून मी स्वतःला सोडवत नाही. तिनं मागितलं म्हणून मी केलं, हे खरं आहे. तिनं मागितलं नसतं तर मी केलं नसतं, हे खरं नाही. तो डबा मी वापरायला निमित्तच शोधत होतो. आबांच्या हातून, आबांच्या नकळत, माझा रंग भिंतीवर चढवायचा आणि चार पावसाळे गेल्यावर त्यांना सांगायचं, बघा, हे कातडं नाही. असं चित्र मी मनात कितीदा रंगवलं होतं.

लग्नाआधीच्या रविवारी सरस शिजवायचं काम माझ्याकडे होतं. मी तो नेहमीसारखा दुहेरी भांड्यात ठेवला, वास घरभर पसरू दिला. आणि आतल्या खोलीत रंगांच्या वाट्यांमध्ये सरसाऐवजी डब्यातलं ओतलं. खालच्या पांढऱ्या पट्ट्याच्या रंगातही तेच घातलं, कारण खालचा थर खडूचा राहिला तर वरचा टिकणार नाही, एवढं मला कळत होतं. शिजलेला सरस मागच्या उकिरड्यावर टाकला. अक्का तिच्या दारात उभी राहून केस विंचरत होती. वाट्या घेऊन मी बाहेर आलो तेव्हा तिनं भुवया उडवून विचारलं आणि मी होकाराची मान हलवली.

आबांनी ब्रश टेकवला आणि थांबले. मला वाटलं, कळलं. पण ते म्हणाले, "आज रंग कसा लोनीसारखा चाली ऱ्हायना रे." आणि मग ते रंगात आले. ब्रश कुठं अडत नव्हता, रेघ फाटत नव्हती. गणपतीची सोंड त्यांनी एका वळणात काढली. 'चि. सौ. कां. शकुंतला' लिहिताना शकुंतलेतल्या लचा गोल काठ असा सुबक आला की तेच मागे सरकून बघत राहिले. गल्ली जमली. कुणीतरी म्हणालं, रंगारीबाबा, म्हातारपणी हात उघडला तुमचा. आबा लाजले. त्यांना लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रात्री जेवताना माय भरीत वाढत होती, ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "वय व्हयनं म्हनतस, पन हात आते कोठे बसना." मी पानातली भाकरी मोडत राहिलो. मला आनंद होत होता. आज लिहिताना लाज वाटते ती त्या आनंदाची जास्त.

लग्न चांगलं झालं. अक्का सुरतेला गेली. पावसाळा आला, गल्लीतली इतर नावं ओघळली, समोरची भिंत धुऊन आणखी उजळली. आबा ओट्यावर चहा पिताना तिकडे बघायचे. आधी कौतुकानं, मग जरा नवलानं. आणि दिवाळीच्या आधी अक्का पत्र्याची पेटी घेऊन परत आली. भास्करचं सुरतेत आधीच एक घर होतं, बाई होती, लेकरूही होतं. अक्कानं काही महिने ते बघितलं आणि मग कुणालाही न विचारता निघून आली. जिजीनं पेटी आत घेतली, दार लावलं. बाहेर भिंतीवर चि. सौ. कां. शकुंतला आणि चि. भास्कर, लाल अक्षरात, कालच लिहिल्यासारखे.

जिजीनं आबांना सांगितलं, भाऊ, तेवढं पुसून द्या. आबा म्हणाले, त्यात काय, आणि ओल्या फडक्यानं पुसायला गेले. फडकं पांढरंच राहिलं. सरसाचा वास त्या दिवशी घरभर होता, त्यामुळे माझ्या डब्याकडे त्यांचं मन गेलंच नाही. त्यांनी चुन्याचा हात मारला, दाट, दोनदा. नाव झाकलं गेलं. आबांनी अक्काच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "व्हयनं, गयं." पण चुना भिंतीत जिरावा लागतो, तेव्हा तो धरतो, त्या कातडीवर तो जिरायला जागाच नव्हती. तो वाळला, त्याच्या खपल्या झाल्या, आणि हिवाळ्याच्या वाऱ्यात पापडासारख्या सुटून ओट्यावर पडल्या. खालून अक्षरं वर आली. आधी भास्करमधला भ, मग शकुंतलेतला ल. आबांनी पुन्हा चुना लावला. पुन्हा खपल्या. अक्का रोज सकाळी ओटा झाडायची आणि ते पांढरे तुकडे सुपात भरून न्यायची. माझ्याकडे बघून ती आता जळगावचा साहेब म्हणत नव्हती.

ते नाव काढायचा उपाय मला माहीत होता. कारखान्यात नमुने पुसायला थिनर असायचा. त्यानं कातडी मऊ होऊन खरवडणीनं निघून येते. एका शनिवारी बाटली आणायची, एवढंच. पण बाटली आणली तर आबा विचारणार, हे या रंगावर चालतं हे तुला कसं माहीत? त्या प्रश्नापुढचं सगळं मला दिसायचं. दर शनिवारी एसटीत बसताना मी ठरवायचो, आणि पारोळा येईपर्यंत ठरवलेलं मागे घ्यायचो.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरच्या सगळ्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात. घराघरांत आमरस आणि खापरावरची पुरणाची पोळी. आमच्या गल्लीतला मोठा निंब जिजीच्या घराला लागूनच होता. त्या दिवशी झोक्याला पोरींची रांग, गाणी, बांगड्यांचा आवाज, आणि आमरसाच्या वाट्या इकडून तिकडे. अक्काही बाहेर आली होती. मायनंच तिला ओढून आणलं होतं. तिची पाळी आली, ती झोक्यावर बसली, पोरींनी मागून जोर दिला. झोका भिंतीला घासून वर गेला आणि त्या वाऱ्यानं की दोर लागून, कुणास ठाऊक, आठच दिवसांपूर्वी लावलेल्या चुन्याचा मोठा पापुद्रा सुटला आणि सगळ्यांसमोर खाली आला. लाल अक्षरं उघडी पडली. गाणं थांबलं. एक लहान पोरगी, पहिलीत जाणारी, अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागली, "श... कुं... त..." तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

गल्लीत सगळ्यांत म्हातारी पुंजाआजी होती. तिला वाईट हेतू नव्हता, जीभच तशी. ती आमच्या ओट्याकडे वळून म्हणाली, "काय रे रंगारी, कसाना रंग लाया तू? पोर नांदनी नही नि नाव जास नही. हात लागना तुना तिले."

आबांनी आमरसाची वाटी खाली ठेवली. आत गेले, पटाशी आणि हातोडी घेऊन आले. मला म्हणाले, बादली धर. त्यांनी स्वतः काढलेला गणपती सोडून दिला आणि अक्षरांवर पटाशी लावली. सिमेंटसकट एकेक अक्षर ते फोडत होते. सुबक आलेला तो ल फोडताना त्यांचा हात थांबला नाही. मी बादलीत तुकडे झेलत होतो. त्या तुकड्यांवर रंग जसाच्या तसा चिकटलेला होता, एकही रेघ सुटली नव्हती, आणि त्या वेळीसुद्धा माझ्या मनातला कारखानेवाला म्हणाला की पकड उत्तम आहे. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

काम संपल्यावर भिंतीवर नाव नव्हतं. नावाच्या आकाराचे खड्डे होते. आबा झोक्यापाशी गेले. अक्का दोर धरून उभी होती. त्यांनी तिच्यासमोर हात जोडले. बापाच्या वयाचा माणूस. म्हणाले, "बाई, मनी चूक व्हयनी. कशी व्हयनी ते माले समजी नही ऱ्हायनं. पन चूक मनी."

"आबा, तुमनी चूक नही शे," अक्का म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं. गल्ली सगळी उभी होती, हातात बादली होती, तोंड उघडायला यापेक्षा चांगली जागा मला परत मिळणार नव्हती. मी बादली उचलली आणि तुकडे टाकायला पांझरेकडे निघून गेलो.

त्यानंतर लग्नाच्या भिंतींसाठी आबांना कुणी बोलावलं नाही. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. फक्त मुहूर्त जवळ आले की लोक दुसऱ्या गल्लीतला पेंटर आणायचे आणि आबांच्या ओट्यावरून जाताना मान खाली घालायचे. आबा दारं रंगवू लागले, पाण्याच्या टाक्या, पोळ्याला बैलांची शिंगं. आणि रविवारी मी घरी असलो की दिसायचं, मागच्या भिंतीवर ते लाल रंगाचे चौकोन काढायचे. एकात सरस जास्त, एकात कमी, एकात जुना, एकात जास्त शिजवलेला. वाळले की तांब्यानं पाणी ओतायचे आणि बसून बघायचे. सगळे चौकोन ओघळायचे. ते पुन्हा नवे काढायचे. माय म्हणायची, "तुना बाप भितडासंगे काय बोलस, देव जाने." आबांना त्या एका दिवसाचा रंग परत करून बघायचा होता, चूक कुठं झाली ते शोधायचं होतं. मी न्हाणीच्या दारात टॉवेल घेऊन उभा राहायचो आणि बघायचो.

अक्कानं तेव्हा गल्ली सोडली नाही. पुढे ती बालवाडीत शिकवायला लागली, मग यावलकडे बदली घेतली, तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं, साध्या पद्धतीनं, भिंत न रंगवता. तिचं चांगलं झालं. हे मी माझी शिक्षा कमी व्हावी म्हणून सांगत नाही. ते तिनं स्वतःचं स्वतः केलं.

खूप वर्षांनी, माय गेल्यावर, मी आबांना जळगावला माझ्या फ्लॅटवर आणलं. तोवर मी कारखान्यात मोठ्या जागेवर होतो. बाल्कनी नुकतीच आमच्याच रंगानं रंगवून घेतली होती. आबा सकाळच्या उन्हात तिथं बसायचे. एके दिवशी चहा घेऊन गेलो तर ते बोट थुंकीनं ओलं करून भिंतीवर घासत होते. मग बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. बोट स्वच्छ होतं.

"हाऊ जास नही का रे?"

"नाही आबा. पाण्यानं जात नाही हा."

ते बराच वेळ भिंतीवर हात फिरवत राहिले. म्हणाले, "शकूनं भितडं असंच व्हतं. हातले असंच लागे." मी चहाची बशी धरून उभा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आखाजीच्या त्या दिवशी अक्कानं पाहिलं होतं तसंच, वाट बघत, विचारलं, "त्या रोज सरस जास्त पडना व्हता का? तूच शिजाडा व्हता ना?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी फक्त आत जायचं होतं. मी म्हणालो, "पडला असेल, आबा. इतक्या वर्षांचं कुठं आठवतंय."

"हा. पडनाच व्हई," ते म्हणाले, आणि चहा घेतला. "तू ल्हाना व्हता. मी दखी लेवाले पाहिजे व्हतं."

त्या हिवाळ्यात ते गेले. दहाव्याला अक्का यावलहून आली. गर्दीतून मला बाजूला घेऊन तिनं इतकंच विचारलं, "सांगं व्हतं ना रे तू त्यासले?" आणि मी मान हलवली. तशीच, जशी रंगाच्या वाट्या घेऊन बाहेर येताना हलवली होती. तिनं डोळे मिटून सुस्कारा सोडला, माझ्या दंडावर थोपटलं. इतकी वर्षं ती माझा तो होकार खरा समजून जगते आहे.

अक्का, मी सांगितलं नव्हतं. आता लिहितो आहे ते तुझ्यासाठी नाही, तू फक्त मध्ये उभी आहेस, तेव्हा ऐकून घे. आबा, सरस तुमचा बरोबर होता. तो मी त्या दिवशी रंगात घातलाच नव्हता.